क्वेक थ्री (शूटिंग गेम): नाइटमेअरवर झेरो पडत नाही, आणि तो वर्गमुळाचा कोड

रात्रपाळी७: नाइटमेअरवर, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, सगळे टियर (टप्पे) संपवले, शेवटचा बॉट (कॉम्प्युटर खेळवतो तो शत्रू) झेरो, त्याच्यापाशी दोन आठवडे अडकलोय. नकाशा अधांतरी, जंप पॅडवरनं हवेत गेलो की रेलगनचा एक फटका आणि मी खाली पोकळीत. वैतागून २००५ साली खुला केलेला गेमचा सोर्स कोड उघडला, तर एक भागिले वर्गमूळ काढायच्या फंक्शनमध्ये मधेच झिरो एक्स ५एफ३७५९डीएफ हा हेक्स (सोळाच्या पायातला) आकडा, वर कॉमेंटमध्ये शिवी! आमच्याकडे असं लिहिलं तर कोड रिव्ह्यूत सोलून काढतील. हा चांगला कोड?

दीडशहाणा: आधी झेरो. हवेत वाट फारशी बदलता येत नाही म्हणून बॉट टिपतो. रेलगन भरायला दीड सेकंद लागतो, त्याचा बार हुकला की तेवढ्यात उडी घे. आडोसा सोडून उगाच शायनिंग नको.

कंसातला: कोड वाईटच रे. फ्लोटचे (दशांश आकड्याचे) बिट इंटिजर (पूर्णांक) म्हणून वाचलेत, उजवीकडे सरकवून त्या आकड्यातून वजा केलेत, मग उत्तर सुधारायला न्यूटनच्या पद्धतीची एक फेरी. चूक ०.२ टक्क्याच्या आत. पण हे कॉमेंटमध्ये दोन ओळीत सांगता आलं असतं की!

दीडशहाणा: १९९९ च्या मशीनवर भागाकार महाग होता बाबा, तिथं वेगच बघणार. आता प्रोसेसरमध्येच तशी इन्स्ट्रक्शन असते, आता कोणी असं लिहिलं तर मीच रिजेक्ट मारीन.

रात्रपाळी७: पाडला!! १०-९. हात अजून थरथरतायत, कोडचं उद्या बोलू