अबाया-स्टोलची नक्षी कोडने काढली तर मागवाल्यांचं काय बिघडतं?

जाळीदार
संभाजीनगरात हिमरू (रेशीम-सुताचं नक्षीदार कापड) विणला जातो, पण आमच्या भागातल्या दुकानांत हिजाब-स्टोल पाहावेत तर सगळे सुरतेचे छापील. ही नक्षी इथेच का करू नये? कोडने चित्रं काढायचं 'प्रोसेसिंग' हे सॉफ्टवेअर २००१ पासून फुकट मिळतं, त्याचंच भावंड पी-फाइव्ह तर ब्राउझरमध्येच चालतं. बीबी का मकबऱ्यातली जाळी बघा: एक तुकडा फिरवायचा, उलटवायचा, सरकवायचा. सपाट पृष्ठभागावर अशा पुनरावृत्तीचे प्रकार मोजून १७ आहेत. आकडा बदलला की नवी नक्षी. कपड्यावर प्राणी-माणसं नको असलेल्या गिऱ्हाइकाला हे चालतंच.

धोटा
जाळी दगडाची आहे, कापड धाग्याचं. हिमरूत नक्षीसाठी जादा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालतात; नक्षी नसेल तिथे तो पाठीला सुटा लोंबतो. दोन फुलांत अंतर जास्त पडलं की पाठचे धागे लांबतात, बांगडीत अडकतात. शालीची पाठ झाकली जाते, डोक्यावरच्या स्टोलची वाऱ्यावर उघडी पडते. तुमच्या स्क्रीनवर सगळं सुंदरच दिसणार हो! मशरू कापडात रेशीम वर आणि सुती अंगाला, हे नियम तर धर्म आणि अंग दोन्ही बघून ठरलेत. नुसत्या चौकटी फिरवून ते कळत नाही.

जाळीदार
मग तोच नियम कोडमध्ये घालू की. सुटा धागा किती घरं चालतो ते तुम्ही सांगा, त्यापेक्षा लांब जाणारी नक्षी प्रोग्रॅम टाकून देईल. आलेखाच्या कागदावर माणूस तरी घरंच मोजतो ना?

धोटा
सांगेन. पण मग नक्षीवर नाव कोणाचं, आणि पैसे कोणाला? ते आधी बोला.

परभणीची_शिवणवाली
दोघंही स्टोल घालून बघा एकदा. चौकोनी हिजाब तिरका दुमडला की मधली नक्षी आत जाते; दिसतो तो कपाळाजवळचा काठ आणि खांद्यावरचं टोक. गिऱ्हाइकं मला पहिला प्रश्न विचारतात, आरपार दिसतं का? नक्षी बारीक का मोठी, ते नंतर. पातळ जॉर्जेटवर कितीही तारे काढा, आत दुसरं कापड लावावंच लागतं. कोड लिहायचाच तर काठापासून लिहा.

नवा_माग
नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचे भोकं पाडलेले पुठ्ठे १८०४ चे. तेव्हाही विणकर भडकलेच होते. आता तुम्ही भडकायलात.

धोटा
जॅकार्डवरून निघालेलं कापड विणलेलंच असायचं. इथे पॉलिस्टरवर छापून वर 'हिमरू प्रिंट' अशी चिठ्ठी लावायलेत, भांडण तिथे आहे. 'छापील' लिहा आणि खुशाल विका.

जाळीदार
चिठ्ठीचं मान्य. पैशाचं नाही. ताऱ्याची नक्षी कोणा एकाच्या मालकीची नसते.

परभणीची_शिवणवाली
तारा नसेल, पण पाठीच्या धाग्याचा हिशोब त्यांचाच घेणार ना तुम्ही? त्याचे द्या. आणि काठाचं राहिलंच.