‘बेकार’, ‘बेरोजगार’ आणि ‘बसून’

प्रश्न : ‘बेकार’ आणि ‘बेरोजगार’ एकच का? आमच्या केजकडं (जि. बीड) दोन्ही शब्द कमीच ऐकू येतात.

उत्तर : दादा, दोन्हींची घडण फारसी. ‘कार’ म्हणजे काम, ‘रोजगार’ म्हणजे पोटापाण्याचा धंदा. पण ‘बेकार’ला मराठीत ‘टाकाऊ’ असाही अर्थ चिकटला, त्यामुळे माणसाला लावला की बोचतो. ‘सुशिक्षित बेकार’ मागे पडून ‘बेरोजगार’ रुळला, हे मला बरं वाटतं.

बोलीत मात्र वय आणि बाई-पुरुष बघून शब्द बदलतो. पंचविशीतला पोरगा ‘बसून हाय’ नाहीतर ‘तयारी करतोय’. कशाची, ते विचारावं लागत नाही. पन्नाशीतल्याच्या ‘हाताला काम नाही’. आणि सून? ‘घरीच असते.’ माझ्या मावसबहिणीबद्दल तिची सासू हेच सांगते. बहीण बी.एड. झालेली. पहाटे दोन म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, मग घरच्याच रानात कापूस वेचायला जाते.

आकडेवारीतला ‘बेरोजगार’ आणखी वेगळा. नुसतं काम नसून भागत नाही; काम शोधणारा, निदान मिळालं तर करायला तयार असलेला माणूसच त्यात धरतात. बहिणीची धार आणि वेचणी तिथं रोजगारातच मोजली जाते, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदत म्हणून. म्हणजे सासूच्या लेखी ती काहीच करत नाही, सरकारच्या लेखी ती कामाला आहे, आणि तिला हवी असलेली शाळेतली नोकरी दोन्हीकडं दिसत नाही. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता, बायकांचा आणि पुरुषांचा सारखाच. १५ ते २९ वयात मात्र १०.२. एकूण दर शहरात ५.१ आणि खेड्यात २.५. हा खेड्यातला अडीचचा आकडा वाचला की मला त्या दोन म्हशी आठवतात.

प्रश्न : ताई, मग ऊसतोडीला जाणाऱ्यांना काय म्हणायचं?

उत्तर : हंगाम संपवून गावी आले की तेही ‘आता बसून’ म्हणतात. पण स्वतःला बेरोजगार म्हणवत नाहीत. पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असते ना. आणि तिथला शब्द ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गेला तर अर्धा. उचल कोयत्यावर ठरते आणि मजूर गोळा करणारा मुकादम ती नवऱ्याच्या हातात देतो.