जपानच्या छोट्या बेटावर आई आणि पोरांसकट तंबूत राहायचंय, कोणी गेलंय का?

भाट्याची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळचे, घरात मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ आणि सासूबाई, वय ६९. दर डिसेंबरात गावच्या सुरूच्या बनात तंबू ठोकून दोन रात्री राहायची आमची सवय आहे, पहाटे रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढायला हात लावायचा आणि वाट्याला येतील ते मासे तिथेच तीन दगडांवर भाजायचे, पोरांना तर वर्षभर त्याचीच ओढ असते. आता धाकटे दीर टोक्योला असतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांना या म्हणतायत. मला खरं सांगायचं तर शहर बघण्यात फार रस नाही, दोन दिवस पुरे. मला बेट हवंय. ओगासावाराबद्दल वाचलं, टोक्योपासून हजार किलोमीटर, विमानच जात नाही, २४ तास बोट, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तिथे तंबू टाकता येतो का? आईंना नेऊ का त्यांना दिरांकडे ठेवू? त्या म्हणतात मला मागे ठेवलंत तर मी येतच नाही. जेवणाचं काय करायचं? आणि दिरांसाठी हापूसची एक पेटी नेता येईल का? कोणी प्रत्यक्ष गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

खाडीपलीकडचा
ताई, मी मूळचा गुहागरकडचा, आता बरीच वर्षं टोक्योत निशीकासाईला राहतो. आधी वाईट बातमी देतो, ओगासावाराला तंबू टाकायला बंदी आहे, सगळ्याच बेटांवर. उघड्यावर झोपायचं नाही आणि राहायची सोय आधी बुक केल्याशिवाय जायचंच नाही असा तिथला नियम आहे. ती बेटं कधी कुठल्या खंडाला जोडलेलीच नव्हती त्यामुळे तिथली झाडं, गोगलगायी जगात दुसरीकडे नाहीत, २०११ ला जागतिक वारसा यादीत आलीत. शिवाय मोठ्या सुट्ट्या सोडल्या तर बोट साधारण सहा दिवसांतून एकदा, म्हणजे एक फेरी हुकली की आठवडा गेला. पोरं आणि आई बरोबर असताना मी तरी सुचवणार नाही.

त्याऐवजी शिकिनेजिमाला जा. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, मी, बायको, दोन पोरं आणि गावाहून आलेले माझे बाबा, ते तेव्हा ७१ चे. टोक्योच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटर, कागदोपत्री टोक्योच, पण बेट चार चौरस किलोमीटरसुद्धा नाही आणि वस्ती पाचेकशे माणसांची. विमानतळ नाही. ताकेशिबा धक्क्यावरून रात्री दहाच्या सुमारास मोठी बोट निघते ती वाटेत ओशिमा, तोशिमा, नीजिमा करत सकाळी नऊच्या आसपास पोचते. स्वस्त वर्गात गालिचा घातलेल्या जमिनीवर प्रत्येकाला आपापली आखलेली जागा असते, तिथेच आडवं व्हायचं, ब्लँकेट भाड्याने मिळतं. तीनेक तासांत नेणारी वेगळी जलद बोटपण आहे पण लाटा वाढल्या की ती आधी बंद होते, आणि पोरांना रात्रीच्या बोटीची मजा जास्त.

तंबू फक्त नेमलेल्या जागीच टाकायचा, आधी परवानगी घेऊन. उन्हाळ्यात ओउराची जागा चालू असते, मे मध्ये कामानोशिताची. वाळूवर कुठेही खुंट्या ठोकल्या असं आपल्यासारखं चालत नाही, आणि जमिनीवर थेट जाळ करायचा नाही, त्यामुळे तीन दगडांची चूल विसरा. गॅसची नळकांडी विमानात नेताच येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खाली दिलेल्या. छोटी शेगडी इथे सुपरमार्केटात मिळते, नळकांडी आम्ही बेटावरच्या दुकानातून घेतली. कचरा आपला आपण वेगळा करून परत आणायचा.

तारखा मात्र जपून. २९ एप्रिल ते ५ मे सगळा जपान सुट्टीवर असतो, तेव्हा नको. जून सुरू झाला की पाऊस आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं. ६ मे नंतर महिना संपेपर्यंत उत्तम, फक्त समुद्राचं पाणी गार असतं, पोरं तरी उतरतातच म्हणा. तोमारी नावाचा पंख्यासारखा गोल किनारा आहे, दोन्ही बाजूंनी खडक त्यामुळे आत लाट कमी, सात वर्षांच्या मुलासाठी तोच. शेजारच्या नीजिमाचा हाबुशिउरा किनारा लांबलचक आणि पांढराशुभ्र आहे पण ती लाट फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्यांची, पोरांना तिथे फक्त बघायला न्या.

आणि आईंना न्याच. फक्त सगळ्या रात्री तंबूत नको. गावात मिनशुकु असतात, आपल्याकडे घरगुती राहणं-जेवण असतं ना तस्संच, घरची बाई रांधते आणि सगळे एकत्र बसून जेवतात. आम्ही पहिली आणि शेवटची रात्र तिथे काढली, मधल्या दोन तंबूत.

दर्यावर्दी_आजो
गे बाय, मी काय जपानाक गेलंय नाय, पण दर्यात जन्म काढलंय म्हणान सांगतंय. पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. बेटावर जाताना जायची तारीख ठरवावी, यायची ठरवू नये. विमानाचं तिकीट बेटावरून परतल्यावर किमान दोन दिवसांनी ठेव, तीन असतील तर बरं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात जात नाही आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, पण नोकरीवाली माणसं सुट्टीचं गणित घेऊन समुद्रावर येतात आणि मग बोटवाल्याशी भांडतात, हे मी स्वतःच्या होडीवर किती वेळा बघितलंय सांगता येणार नाही.

दुसरं भरतीचं. आम्ही तिथीची पाऊणपट करतो, अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती पुरी. खाडीपलीकडच्या भाऊंनी सांगावं, तिकडे हा हिशेब लागतो का?

देवगडची_सून
आंब्याचं मी सांगते कारण आमचा तोच धंदा आहे. पेटी अजिबात नेऊ नका. जपानने २००६ पासून आपला हापूस घ्यायला सुरुवात केली पण तो वाफेच्या प्रक्रियेतून आणि तपासणीतून गेलेला, कागद बरोबर असलेला माल. सामानात ठेवलेलं ताजं फळ विमानतळावर काढून घेतात, आणि तुमच्या डोळ्यासमोर हापूस जाताना बघणं फार जिवावर येतं हो. मटण-चिकनचं काहीही, अगदी तयार पाकीटसुद्धा, चालत नाही. तांदूळपण नेऊ नका, तिथे काय कमी आहे का. आम्ही आंबापोळी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि कोकमाच्या आगळाची बाटली नेली होती, सगळं फॉर्मवर लिहून दाखवलं, काही त्रास झाला नाही. तंबूत गरम पिठलं-भात आणि वरून आगळ, दहा मिनिटांत जेवण.

आणि एक. जमीन हलली आणि तुम्ही किनाऱ्यावर असाल तर सामान, चपला काही न बघता उंचावर जायचं, त्सुनामीच्या भोंग्याची वाट बघायची नाही. पोरांना हे निघायच्या आधी घरीच शिकवा, दोनतीनदा करून घ्या. आपल्याकडे ही सवयच नाही.

भाट्याची_लेक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. ओगासावाराचं ऐकून जरा खट्टू झाले पण नियम आहे तो बरोबरच आहे. शिकिनेजिमा ठरलं समजा. आईंच्या गुडघ्यांचं एक टेन्शन आहे, पायऱ्या फार आहेत का? तिथे समुद्रातच गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणे, त्यांना राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्याला, उन्हाळ्याला, दरवर्षी जायचं असतं, त्यामुळे हे ऐकल्यापासून त्या तयारीलाच लागल्यात.

खाडीपलीकडचा
काका, तुमचा पाऊणपटीचा हिशेब मी तिथे लावून बघितलाय आणि पार चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी होते. तिकडे पौर्णिमेला भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास, म्हणजे आपली भरती ती त्यांची सुकती, ओहोटी. आता हे महत्त्वाचं का, तर जिनाता नावाचं जे कुंड आहे ते दोन कड्यांच्या मधल्या चिरेत आहे, कुऱ्हाडीने घाव घालून डोंगर फोडावा तसं, आणि झऱ्याचं पाणी साधारण ८० अंश. समुद्र आत आला की त्यात मिसळून अंगाला सोसेल असं होतं. आम्ही पौर्णिमेच्या दुपारी बाराला भरती धरून उतरलो, बघतो तर समुद्र लांब मागे गेलेला, तांबूस पाण्यातून वाफा येतायत, मुलीने बोट बुडवलं आणि ओरडून मागे घेतलं. बाबा एका खडकावर टेकले आणि म्हणाले थांबूया, पाणी येईल. खरंच बसून राहिलो आणि चारनंतर एकेक लाट खडकांवरून आत यायला लागली, बाबा हाताने पाणी चाचपत एका कुंडातून दुसऱ्यात, जिथे गार आणि गरम बरोबर मिसळलंय अशी जागा सापडली तिथे गळ्यापर्यंत बसले आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा भरतीचं कोष्टक तिथलंच घ्या, बंदरावर मिळतं.

ताई, जिनाताला मात्र खूप पायऱ्या उतराव्या लागतात आणि परत चढाव्या लागतात, गुडघे दुखत असतील तर आईंना तिथे नका नेऊ. तंबूच्या जागेपासून जवळच आशित्सुकी म्हणून दुसरं कुंड आहे, समुद्राला लागूनच पण तिथवर जाणं सोपं, त्यांच्यासाठी तेच. दोन्हीकडे पोहायचे कपडे घालून बसायचं. जिनाताचं पाणी लोहाचं आहे, तिथे चांगला टॉवेल नेऊ नका, डाग जात नाहीत.

एक दिवस नीजिमाला जाऊन या, छोटी बोट आहे, पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तिथली जुनी घरं, भिंती, कोठारं त्यांच्या स्वतःच्या दगडाची आहेत, कोगा म्हणतात, ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड, इतका हलका की करवतीने कापतात. बाबांनी भिंतीला बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले हा तर यांचा जांभा चिरा. त्याच दगडात कोरलेले मोठमोठे चेहरे किनाऱ्यावर उभे आहेत, त्यांना मोयाई म्हणतात, आणि तिथल्या बोलीत मोयाई म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम उरकणं, आपली सावड. टोक्योत शिबुया स्टेशनबाहेर एक चेहरा आहे तो नीजिमानेच १९८० ला दिलेला, जाता येता पोरांना दाखवा.

आणि कुसाया, म्हणजे खाऱ्या पाण्यात मुरवून वाळवलेला मासा, खाल्ल्याशिवाय येऊ नका. पूर्वी मीठ कर म्हणून द्यावं लागायचं, मासे खारवायला उरायचं नाही, म्हणून तेच खारं पाणी पुन्हा पुन्हा वापरत गेले, ते मुरत गेलं, आजही घराण्यांची तीच जुनी खाराची पिंपं चालू आहेत. भाजायला घेतला की वासाने टोक्योचे लोक नाक दाबतात. बाबांनी पहिला तुकडा खाल्ला, मिनशुकुच्या आजींकडे बघून मान डोलावली आणि भाताचा वाडगा पुढे केला. आजींना काय आनंद झाला, आतून अजून एक मासा भाजून आणला.

बोटीचं दर्यावर्दी काका म्हणतात ते शंभर टक्के. आमची परतीची बोट लाटांमुळे एक दिवस आलीच नाही. सकाळी गावात भोंग्यावरून सांगतात आज बोट लागणार की नाही. कधीकधी बोट टोक्योहून निघते पण बेटाला लागेलच याची खात्री देत नाहीत, धक्क्याला लागता आलं नाही तर माणसांना घेऊन तशीच पुढे जाते. तिकीट घेताना ते सांगतात, ऐकून घ्या.

भाट्याची_लेक
आईंना सगळं वाचून दाखवलं. बोट बेटाला न लागता पुढे जाते हे ऐकून मला वाटलं घाबरतील, तर त्या सांगायला लागल्या की लहानपणी मुंबईहून बोटीने येताना रत्नागिरीला समुद्र खवळलेला असला की माणसं उतरवून घेणारा पडाव बोटीजवळ यायचाच नाही, सगळे कठड्याला धरून आपल्याच गावाचे दिवे बघत उभे. एवढंच विचारलं त्यांनी, बोट लागून मळमळलं तर काय घ्यायचं. मी म्हटलं आवळासुपारी. तर त्या म्हणाल्या मला नाही गं, तुला.

१० ते १४ मे बेट आणि विमान १७ ला, असं धरलंय. काका, चालेल ना?

दर्यावर्दी_आजो
चलात. १८ केलंस तर आणखी बरां.