कवटी गोंदवणारे सगळे नक्कलखोर? (उत्तर लांबलंय)

कोरा कागद:
काल तिरफळ यांनी लिहिलं, "हातावर कवट्या आणि वाळूची घड्याळं मिरवणारी पोरं म्हणजे गोऱ्यांची नक्कल. आपल्यात मरण अंगावर घेत नाहीत, अभद्र असतं." तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, मावलं नाही.

अहो, शंकराच्या गळ्यात मुंडमाळ कुणी घातली? वेरूळला २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या बाजूला जा. बरगड्या मोजून घ्याव्यात असे सापळे कोरलेत. ते काय बोटीतून आले?

आता नक्कल. फुलांची हॅट घातलेली बाईची कवटी, जी हल्ली ज्याच्या त्याच्या दंडावर दिसते, ती मेक्सिकोची. पोसादा नावाच्या छापचित्रकाराची. तो १९१३ मध्ये गेला. आपल्याच देशात राहून युरोपी थाट करणाऱ्यांची त्याने टर उडवली होती: हॅट कितीही भारी घाला, खाली कवटीच. पुढे १९४७ मध्ये तिथल्याच दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने भिंतीवरच्या चित्रात तिला नखशिखान्त कपडे चढवले आणि ती जगभर झाली. म्हणजे नकलाकारांची खिल्ली उडवणारं चित्रच तुम्ही नक्कल म्हणून मोडीत काढताय. मला तरी त्या कवटीत मरणाची भीती दिसत नाही, मिजाशीची टिंगल दिसते.

तिरफळ:
शंकराच्या गळ्यात नागही असतो. घाला की. वेरूळचे सापळे देवाच्या दारात आहेत, जिमच्या आरशासमोर नाहीत.

आणि तुमचा पोसादा त्या पोरांपैकी कुणाला माहीत आहे? भाच्याला विचारलं, बाबा रे, कवटीच का? म्हणे, "मामा, डिझाइन भारी होतं, शिवाय ऑफर चालू होती." याला प्रतीक म्हणायचं? हे स्मशानवैराग्यसुद्धा नाही. त्यासाठी निदान स्मशानात तरी जावं लागतं.

रातकिडा:
भाच्याचं सोडा. आमचा धाकटा भाऊ बाइकवर गेला. मधल्याने मनगटावर वाळूचं घड्याळ गोंदवून घेतलं आणि खाली ती तारीख. आईला वाटलं पेनाने लिहिलीय. तिने पदराचं टोक ओलं करून पुसून बघितली. आता त्याला वाढताना ती फिरून दुसऱ्या बाजूने येते. त्याला त्या घड्याळाचा आधार आहे, हे मी बघतो. पण त्याच्या अंगावर असलं तरी बघायचं तिला असतं, रोज.

घाटवळण:
टॅटू टॅटू काय लावलंय, गोंदण विसरलात का सगळे? आमची आजी म्हणायची, सोनंनाणं इथंच काढून घेतात, वर बरोबर येतं ते गोंदण. कपाळावर ठिपका, हातावर तुळस आणि विंचू. कवटी न काढता मरणाची तयारी. आहे तुमच्या मेक्सिकोकडे असं काही?

पाटाचं पाणी:
आली आजी! गोंदणाचे गोडवे पुरे झाले. माझ्या आजीला लहानपणी दोघींनी दाबून धरलं आणि गोंदणारणीने सुया टोचल्या. हात टम्म सुजला, ताप भरला. तिला विचारलं होतं कुणी? गोंदलं नाही तर सासरी नावं ठेवतील, विषय संपला. आणि बरोबर येतं म्हणे! चितेवर आधी कातडीच जाते.

घाटवळण:
श्रद्धेची चेष्टा सोपी असते. त्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं काय? अंगावरचा डागसुद्धा कधी सावकाराकडे जाईल याचा नेम नाही. कुणी काढून घेऊ शकणार नाही असा तेवढा एकच दागिना. माझी आजी हात पुढे करून दाखवायची.

पाटाचं पाणी:
दाखवणारच. धरून टोचलेलं जन्मभर अंगावर राहणार असेल तर माणूस ते मिरवायलाच शिकतं. तुम्हाला दागिना दिसतो, कारण सुई तुम्हाला लागली नाही. पुरुष आहात ना? पैज लावते.

घाटवळण:
आहे पुरुष. बरं मग? जत्रेत मशीनवाल्याकडून मीही दंडावर नाव काढून घेतलंय. रडलोसुद्धा होतो.

पाटाचं पाणी:
रांगेत स्वतःच्या पायाने उभे होतात ना? झालं तर.

कोरा कागद:
मंडळी, धागा कवटीचा आहे.

रातकिडा, तुमच्यासाठी: होल्बाइनचं १५३३ चं दोन राजदूतांचं चित्र आहे. भरजरी माणसं, आणि पायाशी एक लांबट डाग. अगदी बाजूला जाऊन तिरकं बघितलं की त्या डागाची कवटी होते. मरण असं ठेवावं, ज्याला बघायचंय त्यालाच दिसेल. भावाने मनगटाऐवजी खांद्यावर घेतलं असतं तर?

रातकिडा:
माझ्या भावाने त्याचा भाऊ अंगावर कुठे ठेवायचा, हे तुम्ही सांगू नका. चित्र बघितलं मी. त्यातल्या राजदूतांची आई दिसली नाही कुठे.

तिरफळ:
याला म्हणतात उत्तर.

बरं, कोरा कागद, हॅटवालीची गोष्ट आवडली. भाच्याला सांगतो, तेवढेच त्याचे पैसे वसूल. अभद्र हा शब्दही घ्या मागे घेतला, देवळातल्यापुरता. जिमवाले सुटले नाहीत.

सूतगिरणी:
प्रतीकं चालू द्या. टॅटू काढला की पुढे बारा महिने रक्तदान करता येत नाही, हे दुकानात सांगतात का कुणी? आमच्या मंडळाच्या शिबिरात दरवेळी चांगली धडधाकट पोरं परत पाठवावी लागतात.

घाटवळण:
आमच्या आजीच्या वेळी कुठे होती शिबिरं…

पाटाचं पाणी:
परत आजी!