विषय: अर्जात शिक्षणातला गॅप दाखवायचा का?

सभासदहो, नमस्कार.

माझा भाचा डिचोलीला असतो. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला विषय राहिले, त्यातच 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि भावोजींचा खाणीवरचा ट्रक दारात उभा राहिला. पोराने कॉलेज सोडलं, म्हापशात एका दुकानात हिशेब लिहिले आणि नंतर इग्नूमधून पदवी पुरी केली. आता वेर्ण्याच्या एका कंपनीचा अर्ज भरतोय. एजंट म्हणतो, सोडलेलं कॉलेज उडवा, वर्षं सलग दाखवा. हवं तर अनुभवाचं पत्रही 'करून देतो'. काय करावं?

— चिटणीस, फोंडा

---

काका, नमस्कार.

ते पत्र हातातही घेऊ नका. मी वास्कोत भरतीचंच काम बघते. तारखा जुळवणं हे आमचं पहिलं काम. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना-वर्ष छापलेलं असतं. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या, नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. बनावट पत्र तिथेच उघडं पडतं. पोरगं दोन वर्षं घरी होतं म्हणून आम्ही सहसा कोणाला परत पाठवत नाही, खाणपट्ट्यातली अशी कितीतरी पोरं येतात. दुकानात पीएफ नसेल तर मालकाकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या.

फॉर्म नीट वाचायला सांगा. 'उत्तीर्ण परीक्षा' एवढंच विचारलं असेल तर सोडलेलं कॉलेज लिहायची गरज नाही. 'शिक्षणाचा संपूर्ण तपशील' मागितला असेल तर सरळ लिहावं: 'बीकॉम, 2016 ते 2018, अपूर्ण, आर्थिक कारणाने शिक्षण थांबले, त्यानंतर हिशेबाचे काम.' बस्स. खाणी, ट्रक, भावोजी हे मुलाखतीत विचारलं तरच. फॉर्मच्या तळाशी सहीच्या वर 'वरील माहिती खरी आहे' असं छापलेलं असतं, ती ओळ नोकरी लागल्यावरही मानेवर बसते.

आणि लपवणं उलट्या बाजूनेही अंगाशी येतं. पंजाब नॅशनल बँकेत शिपायाच्या जागेसाठी बारावी उत्तीर्ण हवा होता, पदवीधर चालणार नाही असं जाहिरातीतच होतं. एकाने पदवी दडवून अर्ज केला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. सरकारी जाहिरातीत 'कमाल पात्रता' असेल तर तीही वाचावी.

— वास्को

---

वास्कोच्या ताईंशी सहमत. भाच्याच्या मनात पुढे दुबई असेल तर एवढंच सांगतो: इथे पदवीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, मग यूएईच्या वकिलातीचा. पदवीवर इग्नूचं नाव छापलेलं असणार, त्यामुळे बायोडेटात दुसरं काही लिहिलं तर इथेच अडकेल. शिक्के मारून घ्यायला वेळ लागतो, तिकीट काढल्यावर धावपळ नको. गॅपचं शपथपत्र कॉलेजं प्रवेशाला मागतात, इथे माझ्याकडे तरी कोणी मागितलं नाही.

— दुबई

---

दोघांनाही देव बरें करूं. भाच्याने ताईंनी सांगितली तशीच ओळ टाकून काल अर्ज दिला. एजंटाने मात्र आगाऊ पैसे घेतलेत आणि आता फोन उचलत नाही. ते परत कसे काढायचे, कोणाला अनुभव असेल तर कळवा.

— चिटणीस