भाजणीसाठी दादरला रस्त्यावर मुलाखती घ्यायच्या आहेत, कुठे उभं राहावं?

प्रश्न: थालीपीठ भाजणीचं अर्ध्या किलोचं पाकीट काढतोय. त्याआधी दादर पश्चिमेला ६० जणांशी बोलायचं आहे. दोन विद्यार्थिनी, दोन दिवस. स्टेशनच्या पुलाखाली उभं राहिलं तर चालेल का? प्रश्न १४ आहेत, शेवटचा ‘आमची भाजणी घ्याल का?’

उत्तर १: पुलाखाली नको. गाडी गाठायला निघालेला माणूस थांबत नाही, थांबलाच तर ‘हो हो’ म्हणून सुटका करून घेतो. शिवाय रेल्वेच्या हद्दीत परवानगी लागते. रानडे रोडवर किराणा दुकानाबाहेर उभं राहा, दुकानदाराला आधी विचारून. पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय घेतलं ते ताजं आठवत असतं. प्रश्न सात ठेवा, चार मिनिटांत संपले पाहिजेत. गळ्यात ओळखपत्र हवं आणि पहिलंच वाक्य ‘काही विकत नाहीये’.

उत्तर २: कोणाला थांबवायचं हे मुलींवर सोडू नका. नकळत हसऱ्या चेहऱ्याच्या, आपल्याच वयाच्या बायका निवडल्या जातात. फुटपाथवरची एक फरशी ठरवा, ती ओलांडणारा दर पाचवा माणूस थांबवा. नकार दिला तरी वेळ आणि अंदाजे वय लिहा. ६० पूर्ण व्हायला दीडदोनशे जणांना विचारायची तयारी ठेवा. एक दिवस रविवार, एक कामाचा. दोन्ही दिवशी सकाळ-संध्याकाळ. आदल्या दिवशी पाच जणांवर प्रश्न तपासून घ्या.

उत्तर ३: ‘घ्याल का’ काढूनच टाका. भिडेखातर सगळे होच म्हणतात. त्याऐवजी: शेवटची भाजणी कधी आणली, कुठून, किती, किती दिवस पुरली? ‘घरीच भाजून दळून आणतो’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा आणि खोलात शिरा, कारण तुमची खरी स्पर्धा गिरणीशी आहे.
आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, हे फार महत्त्वाचं. ‘खवट लागते’ म्हणजे पीठ जुनं झालंय, पॅकिंग बघा. ‘कडू लागते’ म्हणजे धान्य जास्त भाजलं गेलंय किंवा मेथी जास्त पडली. कागदावर दोन्हींचं ‘चव आवडली नाही’ झालं की काय सुधारायचं तेच हातातून गेलं.

प्रश्नकर्ता: फोनवर रेकॉर्डिंग करावं का?

उत्तर २: विचारून करा, पण हॉर्नच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. कॉलरचा माइक लावा आणि कागदही भराच. मोबाइल नंबर घेतलात तर वेगळ्या कागदावर, उत्तरांना जोडून नको.