मदत हवी आहे: हरणासाठी .२४३ घ्यावी की ७ एमएम-०८?

मंडळी, .२४३ आणि ७ एमएम-०८ या दोन काडतुसांपैकी कोणत्या काडतुसाची रायफल घ्यावी, हा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात ब्लॅकटेल हरणाच्या शिकारीसाठी बायकोला पहिली रायफल घ्यायची आहे. अंतर जास्तीत जास्त २०० यार्ड, दुर्बिणीसह वजन साडेसात पौंड.

गोळी झाडताना खांद्याला बसणारा धक्का सौम्य हवा, ही पहिली अट. .३०८ या जोरदार काडतुसाचा धक्का १७-१८ फूट-पाउंड (ऊर्जेचं एकक), .२४३ चा साधारण ९-१०, तर ७ एमएम-०८ चा मधला. धक्क्याची धास्ती बसली की डोळे मिटतात, ट्रिगर हिसकला जातो आणि फुप्फुसाऐवजी पोटात गोळी लागते. मग जनावर तासन्‌तास तडफडतं. हे मला अजिबात नको आहे. (ही धास्ती तपासायला मॅगझीनमध्ये मधेच एक डमी, म्हणजे न उडणारं काडतूस घातलं की ‘खट्‌’ होताना नळीचं तोंड खाली झुकलेलं स्पष्ट दिसतं.)

अडचण गोळीची आहे. इथे २०१९ पासून सर्व शिकारीला शिसंविरहित गोळी सक्तीची आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या खाचांना जास्त पीळ लागतो. .२४३ च्या १० इंचात एक पीळ असलेल्या नळीत ८०-८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) ठीक, पण त्याहून जड तांब्याची गोळी स्थिर राहील याची खात्री नाही. ७ एमएम-०८ मध्ये १२० ग्रेन आरामात चालते.

ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा: ८० ग्रेन तांब्याची गोळी बरगड्यांतून आरपार जाते का? रक्ताचा माग पुरेसा मिळतो का? आणि दस्ता (ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत) साडेबारा इंचांवर आणला, तर दुर्बीण भुवईला लागू नये म्हणून डोळ्यापासून किती अंतर ठेवता?